विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेसाठी खेळ रचताना: गुणतक्ता, नियम आणि सर्वांत कमकुवत रोबोट

कळसूत्र (धागाकर्ता)

विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धांमध्ये खेळ दरवर्षी बदलतो आणि तो बदलावाच लागतो. जुनाच खेळ पुन्हा दिला, तर गेल्या वर्षीचा विजेता रोबोट थोडी डागडुजी करून पुन्हा उतरवता येतो, नवख्या संघांना नक्कल करण्यापलीकडे काही उरत नाही, आणि समस्या पहिल्यांदा समोर येण्याचा जो अनुभव स्पर्धेने द्यायचा असतो, तोच हरवतो. म्हणून कोणीतरी बसून दरवर्षी नवे मैदान, नवी साधने, नवी नियमावली आणि नवा गुणतक्ता घडवायचा असतो. हे काम करणाऱ्यांसाठी आणि पुढे करू इच्छिणाऱ्यांसाठी हा धागा काढत आहे.

या कामातला सर्वांत अवघड भाग कल्पक कथानक शोधण्याचा आहे, असा समज सर्रास आढळतो. माझ्या मते कथानक एका बैठकीत सुचते; महिने जातात ते गुणतक्त्यावर. नियमावली हातात पडताच विद्यार्थी पहिल्याच संध्याकाळी कोणत्या कामाला किती सेकंद लागतील आणि त्यातून किती गुण मिळतील, याचा हिशेब मांडतात आणि त्या हिशेबातून रोबोट जन्माला येतो. आपण रचनाकार म्हणून जे सुंदर समजून मैदानात ठेवलेले असते, ते त्या हिशेबात बसले नाही, तर अख्ख्या हंगामात कोणी त्याला हात लावत नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे शालेय संघांच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या स्पर्धेचा २०१७ चा स्टीमवर्क्स हा खेळ. त्यात दोन मोठी कामे होती: दातेरी चाके हवाई जहाजापर्यंत पोहोचवणे आणि इंधन म्हणून दिलेले लहान चेंडू बॉयलरमध्ये टाकणे. चालकांच्या टप्प्यात, म्हणजे विद्यार्थी दूरनियंत्रणाने रोबोट चालवत असताना, बॉयलरच्या वरच्या तोंडात तीन चेंडू गेले की एक गुण, खालच्या तोंडात नऊ चेंडूंना एक गुण; उलट पोहोचवलेल्या चाकांनी जहाजाचा एक रोटर (पंखा) फिरू लागला की एकदम ४० गुण. वेगाने चेंडू फेकणारी अचूक यंत्रणा बनवणे हे दातेरी चाक वाहून नेण्याच्या कितीतरी पट कठीण, आणि मोबदला मात्र तुटपुंजा. साहजिकच असंख्य संघांनी चेंडूंचा विचार पहिल्याच आठवड्यात सोडून दिला. त्याच खेळात दुसरीही एक अडचण होती. रोटर सुरू करण्यासाठी अनुक्रमे १, २, ४ आणि ६ चाके लागत. तिसरा रोटर सुरू केल्यानंतर ज्या युतीने (एकत्र खेळणाऱ्या तीन संघांच्या गटाने) आणखी पाच चाके आणली, तिच्या पदरात त्या पाच फेऱ्यांचे काहीच पडत नसे, कारण गुण सहाव्या चाकावर होते. पायऱ्यांचा गुणतक्ता थरार निर्माण करतो हे मान्य. पण शेवटची पायरी फार उंच ठेवली, तर मधल्या फळीतील संघांचा शेवटचा पाऊण मिनिट निष्फळ जातो.

सामन्यातील गुणांइतकाच क्रमवारीचा नियमही जपून लिहावा लागतो. याच स्पर्धेच्या २०१० च्या ब्रेकअवे या खेळामध्ये पात्रता फेरीतील क्रमवारीसाठी जिंकणाऱ्या युतीला स्वतःचे गुण अधिक हरणाऱ्या युतीच्या गुणांची दुप्पट मिळत असे, तर हरणाऱ्या युतीला जिंकणाऱ्यांचे गुण मिळत. हेतू उदात्त होता: प्रतिस्पर्ध्याला चिरडू नये, चुरशीच्या सामन्याचे बक्षीस दोघांनाही मिळावे. परंतु हिशेबी संघांच्या लक्षात आले की एका बाजूने स्वतः गोल करायचेच नाहीत आणि सहाही रोबोटांनी मिळून एकाच युतीसाठी गोल करायचे ठरवले, तर दोन्ही युतींना सारखेच आणि घसघशीत क्रमवारी गुण मिळतात. काही सामने खरोखर तसे खेळले गेले. प्रेक्षकांत बसलेल्या पालकांना ते कसे दिसले असेल, याची कल्पना करावी. विद्यार्थ्यांनी काहीही वावगे केले नव्हते. नियमाने त्यांना जिकडे बोलावले, तिकडे ते गेले.

आता माझा सध्याचा मसुदा मांडतो. बारा फुटी चौरस मैदान, दोन विरुद्ध दोन रोबोट, १५ सेकंद स्वयंचलित टप्पा (रोबोट फक्त प्रोग्रॅमवर चालतो) आणि १०५ सेकंद चालकांचा टप्पा. मैदानात मिळून २४ फोमचे ठोकळे. जमिनीलगतच्या पेटीत ठोकळा टाकला तर २ गुण, उंच फळीवर ठेवला तर ५ गुण. सामना संपताना रोबोट दांड्याला लटकलेला असेल तर १५ गुण. प्रतिस्पर्ध्याला अडवण्यास परवानगी आहे, मात्र जाणूनबुजून नुकसान केल्यास २० गुणांचा दंड. यातील कच्चे दुवे दाखवावेत, ही विनंती.


पंच (प्रतिसाद)

तुमच्या मसुद्यातील "जाणूनबुजून" या शब्दावर प्रथम लिहितो, कारण हंगामभर सर्वाधिक वाद त्याच शब्दावरून होणार आहेत. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पंचाला रोबोटची हालचाल दिसते. चालकाच्या मनात काय होते ते दिसत नाही. समान घटनेवर दोन मैदानांवर दोन वेगळे निर्णय दिले गेले की संघांचा विश्वास उडतो, आणि तो त्या हंगामात परत येत नाही. ज्या नियमाची अंमलबजावणी डोळ्यांना दिसणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या गोष्टीवर होते, तोच नियम टिकतो. प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात दाबून धरण्याबाबत अनेक वर्षे ५ सेकंदांची मर्यादा वापरली गेली, ती याचसाठी. पंच हाताने सेकंद मोजून दाखवतो, चालकाला ते दिसते, तो वेळेत मागे हटतो, आणि दंड देण्याची वेळच येत नाही.

दुसरा प्रश्न दंडाच्या आकाराचा. तुमच्याकडे एक ठोकळा फार तर ५ गुणांचा, आणि दंड २० चा. फर्स्टच्या २०१४ च्या एरियल असिस्ट या खेळात तांत्रिक दंड (गंभीर नियमभंगाचा) ५० गुणांचा होता आणि उंच गोल १० गुणांचा. एका चुकीच्या स्पर्शाने संपूर्ण सामना फिरत असे आणि निकाल जाहीर होईपर्यंत कोण जिंकले हे खेळणाऱ्यांनाही कळत नसे. दंड एवढाच असावा की नियम मोडून फायदा होऊ नये. जिथे फायदा नसून धोका आहे, तिथे गुणांऐवजी थेट रोबोट बंद करण्याचा किंवा बाद ठरवण्याचा अधिकार पंचाकडे असावा, आणि तो क्वचितच वापरला जावा.

तिसरी गोष्ट मोजणीची आहे आणि ती बहुतेक मसुद्यांतून सुटते. तुमचे गुण सामना सुरू असताना मोजायचे की संपल्यावर? व्हेक्स या दुसऱ्या विद्यार्थी रोबोट स्पर्धेच्या बहुतेक खेळांत सामना संपून सारे काही स्थिर झाल्यावर मैदानावर जे उरले, त्याची मोजणी होते. ही पद्धत पंचाच्या दृष्टीने फार सुरक्षित आहे, कारण दोन्ही संघांसमोर उभे राहून ठोकळे मोजता येतात आणि शंका असेल तर पुन्हा मोजता येतात. उलट पेटीतून ठोकळे पुन्हा मैदानात जाणार असतील, तर प्रत्येक ठोकळा पडताक्षणी नोंदवावा लागेल, आणि त्यासाठी माणसाचे डोळे पुरणार नाहीत; मोजणारा संवेदक लागेल, तो बिघडला तर काय करायचे याचा नियम लागेल आणि त्या नियमावर पुन्हा वाद होतील. खेळाच्या सौंदर्यासाठी तुम्ही हे स्वीकारणार असाल तर जरूर स्वीकारा, पण स्वयंसेवकांची संख्या आधी पाहा.


मार्गदर्शक शिक्षक (प्रतिसाद)

मी तुमचा गुणतक्ता एका विशिष्ट रोबोटच्या नजरेतून वाचला. हा रोबोट म्हणजे चार चाकांचा चालता सांगाडा; त्याला हात नाही, उचलण्याची यंत्रणा नाही, आणि दर हंगामात प्रत्येक स्पर्धेत असे रोबोट येतातच. संघात मुले कमी असतात, सुटे भाग उशिरा मिळतात, काहींनी पाना पहिल्यांदाच हातात धरलेला असतो. माझ्या मते खेळाची परीक्षा या रोबोटपासून सुरू व्हावी. तुमच्या मसुद्यात तो काय करू शकतो? ठोकळा ढकलून पेटीत टाकता येतो का, हे पेटीच्या काठाच्या उंचीवर अवलंबून आहे. तो काठ ठोकळ्याच्या निम्म्या उंचीपेक्षा खाली ठेवलात आणि समोर उतरती पाटी लावलीत, तर या संघाला प्रत्येक सामन्यात गुण मिळवता येतील. काठ दोन बोटे वर गेला, तर तो रोबोट दोन मिनिटे मैदानावर फक्त फिरेल आणि त्याचा जोडीदार त्याच्यावर चिडेल.

पंचांनी एरियल असिस्टचा उल्लेख केला. तो खेळ या दृष्टीने मला अत्यंत शिकवणारा वाटतो. एका युतीकडे एका वेळी एकच चेंडू, आणि गोल करण्यापूर्वी तो किती रोबोटांच्या हातून गेला यावर जादा गुण: दोन रोबोटांना १०, तिघांना ३०. त्यामुळे ज्याला फक्त चेंडू घेता आणि सोडता येत होता, त्या साध्या रोबोटलाही ३० गुणांच्या साखळीत मानाचे स्थान मिळाले. ही कल्पना मला आजही आवडते. परंतु त्याच नियमाची दुसरी बाजूही होती. साखळीतील एक रोबोट चेंडू पोटात घेऊन बंद पडला की पंच तो चेंडू मृत, म्हणजे खेळातून बाद, ठरवेपर्यंत संपूर्ण युती खोळंबायची, आणि ज्या मुलांचा रोबोट बंद पडला, त्यांना आपल्यामुळे इतर दोन संघ हरले याचे ओझे वाहावे लागे. सहकार्याला बक्षीस द्यावे. पण ते मूळ गुणांवर वरची जोड म्हणून असावे. जोडीदाराची हजेरी ही खेळण्याची पूर्वअट झाली की दुबळ्या संघाला मान मिळण्याऐवजी दोष मिळतो.

आणखी एक आग्रह. स्वयंचलित टप्प्यातही या सांगाड्यासाठी काहीतरी ठेवा. सुरुवातीची रेषा ओलांडून पुढे जाणे, एवढ्याला जरी दोन गुण दिले, तरी ज्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, तिला तो प्रोग्रॅम फलकावर दिसतो. दुसऱ्या टोकाच्या संघांसाठी मात्र पाठ केलेली वाट पुरू नये. फर्स्टच्या २०१८ च्या पॉवर अपमध्ये तराजूची कोणती बाजू कोणाची, हे सामना सुरू होताच ठरत असे, त्यामुळे प्रोग्रॅमला ती माहिती वाचून वाट निवडावी लागे. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड या जागतिक विद्यार्थी स्पर्धेमध्ये तर स्पर्धेच्या दिवशी आयत्या वेळी एक अनपेक्षित नियम जाहीर केला जातो आणि घरून तयार होऊन आलेल्या उत्तराची खरी कसोटी तेव्हा लागते. थोडी अनिश्चितता खेळात असली की रोबोट प्रशिक्षकाने लिहिला की मुलांनी, हे आपोआप उघड होते.


दातेरी चाक (प्रतिसाद, माजी स्पर्धक)

मी सर्वांत बलवान रोबोटच्या बाजूने लिहितो. खेळाची कोंडी करणारी एखादी चाल नियमांत लपलेली आहे का, हे रचनाकाराने शोधले नाही, तर कोणतातरी संघ ती शोधून काढतोच. फर्स्टच्या २००२ च्या झोन झीलमध्ये मैदानावर फक्त तीन, हलवता येणारे गोल होते. संघ क्रमांक ७१ ने असा रोबोट बनवला की तो तिन्ही गोल पकडून गालिच्यात तारेच्या ब्रशांसारखे पाय रोवायचा आणि मग कोणाच्याही धक्क्याने न हलता सावकाश आपल्या बाजूला सरकायचा. अभियांत्रिकी म्हणून ती अप्रतिम होती आणि त्या संघाने त्या वर्षीचे विजेतेपदही मिळवले. रचनाकारासाठी त्यातला धडा संख्येचा आहे: गुणांचा मूळ स्रोत जर एका रोबोटच्या मिठीत मावत असेल, तर तो मिठीत घेतला जाईल.

बचाव पूर्णपणे बंद करणे हा त्यावरचा उपाय मला पटत नाही. २०१५ च्या रिसायकल रशमध्ये दोन्ही युती आपापल्या अर्ध्या भागात काम करत आणि पात्रता फेरीची क्रमवारी सरासरी गुणांवर ठरत असे. धडका बंद झाल्या. परंतु सामन्यातील नाट्यही गेले, कारण दोन युती शेजारी शेजारी खोक्यांचे थर रचत होत्या आणि एकमेकींच्या डावपेचांना उत्तर देण्याची गरज उरली नव्हती. गंमत अशी की स्पर्धा तरीही एका जागी उफाळून आलीच. मधल्या पायरीवर ठेवलेले डबे दोघांनाही घेता येत होते आणि त्यांवाचून उंच थरांचे गुण मर्यादित राहत. त्यामुळे बाद फेरीत पोहोचणाऱ्या संघांनी ते डबे स्वयंचलित टप्प्याच्या पहिल्या क्षणी ओढून घेणाऱ्या अतिवेगवान यंत्रणा बनवल्या आणि अव्वल सामन्यांचा कल डोळ्याचे पाते लवण्याआधी ठरू लागला. वाटून घ्यायची मर्यादित वस्तू आणि धावण्याची मुभा एकत्र आली की असे होणारच.

तुमचे २४ ठोकळे मला याच कारणाने खटकतात. हिशेब मांडून पाहा. मध्यम रोबोटला उंच फळीची एक फेरी १४ सेकंदांत जमते असे धरले, तर चालकांच्या टप्प्यात तो सात ठोकळे ठेवेल. चौघे मिळून २८. म्हणजे मध्यम दर्जाच्या सामन्यातही ठोकळे पुरणार नाहीत. अव्वल संघ १० सेकंदांवर आले की शेवटची चाळीस-पन्नास सेकंदे मैदान रिकामे असेल आणि खेळ फक्त अडवाअडवीचा होईल. २०२३ च्या चार्ज्ड अपमध्ये प्रत्येक युतीला २७ जागा भरायच्या होत्या. वरच्या पातळीवरील युती त्या सगळ्या भरू लागल्या, तेव्हा हंगामाच्या उत्तरार्धात भरलेल्या जागांवर जादा गुण देणारा नियम आणावा लागला. गुणांचे छत किती उंच आहे, हे रचनाकाराने हंगामापूर्वीच तपासावे आणि ते आपल्याला शक्य वाटते त्याच्या निदान दीडपट वर ठेवावे, असे मला वाटते.

लटकण्याचे १५ गुणही तपासा. एका ठोकळ्याच्या फेरीत १४ सेकंदांना ५ गुण मिळतात. लटकायला १० सेकंद लागत असतील, तर त्या १० सेकंदांची किंमत इतर कोणत्याही १० सेकंदांच्या चौपटीहून अधिक ठरते. मग निवड उरतच नाही. जो लटकत नाही त्याला जोडीदार म्हणून कोणी घेणार नाही. शेवटच्या टप्प्याचे गुण असे हवेत की शेवटची वीस सेकंदे आली असताना "अजून एक ठोकळा, की दांडा?" हा प्रश्न चालकाला खरोखर पडावा.


मैदान बांधणारा (प्रतिसाद)

रचनाकारांना माझी एकच विनंती असते: खेळाचे साहित्य शंभराव्या सामन्यात कसे दिसेल, ते पाहून मगच निवडा. फोमच्या वस्तू सुरुवातीला उत्तम वागतात आणि नंतर बदलत जातात. २०१२ च्या खेळातील फोमचे बास्केटबॉल वापराने मऊ पडत आणि नवा चेंडू व जुना चेंडू एकाच फेकयंत्रातून वेगवेगळ्या अंतरावर जाऊन पडत. २०२० च्या पिवळ्या फोम चेंडूंबाबतही संघांना तोच अनुभव आला. ज्या विद्यार्थ्याने आठवडे घालवून अंतर आणि चाकाचा वेग यांचा तक्ता बनवला, त्याचा नेम साहित्याच्या झिजेमुळे चुकणे अन्यायाचे आहे. तुमच्याकडे फेकणे नसून ठेवणे आहे, म्हणून धोका कमी. तरीही कडा झिजून ठोकळ्याची रुंदी घटली, की पकडीतून तो निसटू लागतो. नवे ठोकळे एकाच सामन्यात घालू नका, जुन्यांत थोडे थोडे मिसळत जा, आणि किती लहान झाल्यावर ठोकळा बाद, ते माप नियमावलीत छापा.

मैदानाच्या मापांत सूट किती, हेही छापा. प्रत्यक्ष स्पर्धेची जमीन सपाट नसते. फळीची उंची कागदावरच्या आकड्यापेक्षा बोटभर कमी-जास्त असू शकते, असे आधीच सांगितले, तर संघ तशी जागा सोडून यंत्रणा बनवतात. न सांगता ती तफावत आली, तर दोष मैदानाचा ठरतो आणि तो योग्यच असतो.

शेवटचा मुद्दा सरावाचा. तुमचा दांडा धातूचा आणि मैदानाला जखडलेला असेल, तर तो किती संघांना स्वतःच्या खोलीत उभारता येईल? प्लायवूड, साध्या लाकडी पट्ट्या आणि स्क्रू यांतून होणाऱ्या सराव-मैदानाचे आराखडे खेळासोबतच प्रसिद्ध करा. ज्या संघाकडे जागा आणि पैसा आहे, तो खरे मैदान उभारेल. इतरांसाठी निदान फळी आणि पेटी खऱ्या मापाची असली पाहिजे.


कळसूत्र (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मसुद्यात केलेले बदल कारणांसह देतो.

पेटीचा काठ ठोकळ्याच्या एक तृतीयांश उंचीवर आणला असून पुढे उतरती पाटी आहे, म्हणजे ढकलणाऱ्या रोबोटला गुण मिळतील. स्वयंचलित टप्प्यात रेषा ओलांडण्याचे २ गुण आहेत, आणि फळीवरील कोणत्या खणाला त्या सामन्यात दुप्पट गुण मिळतील, हे सामना सुरू होताना रंगाच्या खुणेने दाखवले जाईल. लटकण्याचे गुण ८ वर आणले. १० सेकंदांत लटकणाऱ्याला ते अजूनही फायद्याचे आहे, पण २० सेकंद लागणाऱ्याने एक ठोकळा ठेवून दुसऱ्याच्या मागे जावे की दांड्याकडे, हा प्रश्न आता खरा आहे.

ठोकळ्यांच्या संख्येवर मी बराच विचार केला. २०२२ च्या रॅपिड रिअ‍ॅक्टमध्ये मधल्या वरच्या गोलात गेलेले चेंडू पुन्हा मैदानात बाहेर पडत, त्यामुळे ते संपण्याचा प्रश्न नव्हता. मला तीच रचना हवी होती. परंतु पंचांनी मोजणीबद्दल जे लिहिले, ते वाचून तो मोह आवरला. आमच्याकडे संवेदक सांभाळायला माणसे नाहीत. त्याऐवजी ठोकळे ४० केले आहेत, त्यातील १६ मैदानाबाहेर खेळाडूच्या हातात राहतील आणि तो ते कधी आत सोडायचे हे ठरवील. मोजणी सामना संपल्यावरच होईल. १० सेकंदांच्या फेऱ्या करणारे चार रोबोट आले, तरी ठोकळे जवळजवळ शेवटपर्यंत पुरतील. दातेरी चाक यांनी सुचवलेल्या दीडपटीपर्यंत मी पोहोचलेलो नाही, हे मान्य आहे. मैदानात त्याहून जास्त ठोकळे ठेवले, तर रोबोट त्यांच्यावर चढून अडकतात.

"जाणूनबुजून" हा शब्द काढला. त्याच्या जागी दाबून धरण्याला ५ सेकंदांची मर्यादा, फळीसमोरच्या पट्ट्यात ठोकळा ठेवत असलेल्या रोबोटला स्पर्श करण्यास मनाई, आणि दोन्हींसाठी ५ गुणांचा दंड, म्हणजे एका ठोकळ्याइतकाच. धोकादायक खेळासाठी रोबोट बंद करण्याचा अधिकार पंचांकडे राहील.

एका जागी मात्र माझे समाधान झालेले नाही. खेळाडूच्या हातातील १६ ठोकळे म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ. आघाडीवरील युतीच्या खेळाडूने आपले ठोकळे आत सोडलेच नाहीत, तर मागे पडलेल्या युतीला उचलायला काही उरणार नाही आणि सामना गोठेल. शेवटच्या ३० सेकंदांपूर्वी सर्व ठोकळे आत सोडणे बंधनकारक करावे, असा एक विचार आहे. पण मग ते सगळे एकदम येऊन पडतील आणि ढकलणारे रोबोट त्यांत रुतून बसतील.


पंच (प्रतिसाद)

एकदम सोडण्याऐवजी कालमर्यादा टप्प्याटप्प्याने ठेवा: चालकांच्या टप्प्यातील दर १० सेकंदांत किमान एक ठोकळा. ८० सेकंदांत आठही संपतील आणि शेवटच्या २५ सेकंदांत लटकण्यासाठी मैदान मोकळे राहील. घड्याळ सर्वांना दिसते, हातातील ठोकळे मोजता येतात, आणि खेळाडू पंचाच्या अगदी शेजारी उभा असल्याने नजर ठेवायलाही सोपे आहे. चुकल्यास दंडगुण देऊ नका. तो ठोकळा पंच स्वतः उचलून प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूकडे देईल, एवढे पुरे.


कळसूत्र (धागाकर्ता)

हे स्वीकारले. दुसरा मसुदा आता दोन गटांना देत आहे: एक गट नवख्या विद्यार्थ्यांचा, जो फक्त चालता सांगाडा घेऊन खेळेल, आणि दुसरा माजी स्पर्धकांचा, ज्यांना गुण मिळवण्याऐवजी खेळाची कोंडी करणारी चाल शोधण्याचे काम दिले आहे. फळीसमोरच्या संरक्षित पट्ट्याची रुंदी अजून ठरवलेली नाही. ती एका रोबोटच्या रुंदीइतकी असावी की दीडपट, यावर दातेरी चाक आणि मैदान बांधणारा या दोघांचे मत हवे आहे, कारण पट्टा रुंद केला तर दांड्याकडे जाण्याची वाट अरुंद होते.